समुद्राजवळच्या घराचा लाकडी डेक कुजतोय. तीन फळ्या बदलून भागेल का?

खारावारा:
नमस्कार मंडळी, जरा अडलोय म्हणून लिहितोय, थोडं लांबलं तर सांभाळून घ्या. घर समुद्रापासून चालत पाच-सात मिनिटांवर आहे, हॉलच्या दारातून बाहेर पडलं की लाकडी डेक, साधारण 12 बाय 16 फूट, जमिनीपासून आठ फूट उंच, एका बाजूने घराच्या भिंतीला जोडलेला आणि पुढच्या बाजूला चार खांब. बांधून दहा वर्षं झाली. दर दोन वर्षांनी वरून चकचकीत वॉर्निश मारतो त्यामुळे दिसायला अजून ठीक आहे. मागच्या आठवड्यात पाहुणे आले होते, त्यातले एकजण खुर्ची घेऊन दाराजवळ बसले आणि खुर्चीचा मागचा पाय फळीतून सरळ आरपार गेला. माणूस वाचला, हसण्यावारी गेलं, पण मी रात्री जाऊन बोटाने दाबून बघितलं तर तीन फळ्या ओल्या ब्रेडसारख्या. बाकीच्या कडक वाटतात. कठडा पण एका कोपऱ्यात थोडा हलतो, पण तो आधीपासूनच हलतो.

सुतार येऊन बघून गेला, म्हणाला तीन फळ्या बदलू, बाकीचं घासून परत वॉर्निश मारू, दोन दिवसांचं काम. बायको म्हणते आख्खा काढून टाका. मला वाटतं की हवाच इतकी दमट आहे की इथे लाकूड टिकणारच नाही, मग कशाला खर्च. तर प्रश्न असा की फक्त फळ्या बदलून भागेल का, आणि मधल्या काळात भोकात भरायला कुठलं फिलर चांगलं?

लिंबूटिंबू:
माझ्याकडे खिडकीच्या चौकटीला असंच झालेलं, कुजलेलं खरवडून काढलं, दोन भागांची एपॉक्सी पुट्टी भरली, घासून रंग दिला, तीन वर्षं झाली टकाटक आहे. तुम्ही पण करून बघा, फळ्या पण बदलायला लागणार नाहीत.

पटाशी:
लिंबूटिंबू, चौकटीवर कुणी उभं राहत नाही हो. एपॉक्सी वाईट नाही, कठड्याच्या टोकाला किंवा नक्षीच्या तुकड्याला मी पण वापरतो, पण ती जागा आधी खडखडीत वाळवावी लागते आणि कुजका भाग सगळा काढावा लागतो. ओल्या लाकडावर भरली की आतली ओल आतच कोंडते आणि पुट्टीच्या मागे बुरशी निवांत जेवत बसते. ज्यावर वजन येतं तिथे पुट्टी नाही, विषय संपला.

आता खारावारा, तुमच्याकडे येतो. फळ्यांचं सोडा. फळी तुटली तर पाय अडकतो, खालची तुळई सुटली तर आख्खा डेक माणसांसकट खाली येतो. आठ फूट उंची आहे ना? मग आधी खाली जाऊन वर बघा. एक चांगला टॉर्च, एक पातळ स्क्रूड्रायव्हर किंवा टोच्या, एवढंच लागतं. फळ्या ज्या आडव्या तुळयांवर ठोकल्यात त्यांच्या वरच्या कडेत, म्हणजे फळी आणि तुळई जिथे एकमेकांना टेकतात तिथे टोचा. खांबाच्या तळाशी टोचा. आणि सगळ्यात महत्त्वाचं, भिंतीला जी लांब पट्टी लावलेली असते, जिच्यावर सगळ्या तुळयांची एक टोकं बसतात, ती इंचाइंचाला टोचा. चांगल्या लाकडात टोक पाव इंचसुद्धा जात नाही आणि उचकटलं तर लांब धागेदार चिळपा निघते. कुजलेल्यात टोक लोण्यासारखं जातं आणि तुकडा मधोमध कट्कन तुटतो, धागा निघतच नाही. काळपट तपकिरी, चौकोनी भेगा पडलेलं, कोळशासारखं दिसणारं लाकूड दिसलं तर तिथली ताकद गेलेली आहे असंच धरा, हाताला कडक लागलं तरी.

आणि "दमट हवेत लाकूड टिकत नाही" हे डोक्यातून काढा. हवेच्या दमटपणाने लाकूड कुजत नाही. हवेत 80 टक्के आर्द्रता असेल तर लाकूड आपल्या वजनाच्या साधारण 16 टक्के पाणी धरून थांबतं, 90 टक्क्यांना 20 च्या आसपास. कुजवणाऱ्या बुरशीला सुरुवात करायला 28-30 टक्के लागतं, म्हणजे प्रत्यक्ष पाणीच अंगावर पडायला हवं आणि तिथे साचून राहायला हवं. दमट हवेचा दोष इतकाच की एकदा भिजलेलं लाकूड ती लवकर वाळू देत नाही. म्हणजे तुमच्या दाराशी पाणी कुठूनतरी येतंय. ते कुठून येतंय हे सापडलं नाही तर नव्या फळ्या पण चार-पाच वर्षांत जातील, हे लिहून घ्या.

तपासून इथे सांगा. तोवर डेकवर गर्दी नको.

गंजका_खिळा:
पटाशीकाकांशी शंभर टक्के सहमत, एकच भर. लाकूड बघताना लोखंड पण बघा. समुद्राजवळ लाकडाच्या आधी स्क्रूच मरतात आणि ते दिसत नाही कारण वरचं डोकं शाबूत असतं. दोन-तीन स्क्रू उलटे फिरवून बाहेर काढा. मधला भाग शिसपेन्सिलीसारखा बारीक झालेला असेल किंवा काढतानाच तुटला तर बाकीचे पण तसेच समजा. स्क्रूभोवती लाकडात काळी निळसर कड दिसते ना, ती लोखंड आणि लाकडातलं टॅनिन यांची प्रतिक्रिया. तिथलं लाकूड पण हळूहळू कमजोर होतं, मग स्क्रूची पकड जाते, मग भोक मोठं, मग त्यात पाणी.

खारावारा:
धन्यवाद सगळ्यांना. आज रविवार होता, सकाळी टॉर्च घेऊन खाली शिरलो. जे बघितलं त्याने जरा घाम फुटलाय.

१. तीन फळ्यांच्या खालच्या दोन तुळया वरून इंचभर भुसभुशीत. खालून बघितलं तर एकदम चांगल्या दिसतात!
२. भिंतीवरची पट्टी दाराखाली साधारण चार फूट काळी पडलीय, स्क्रूड्रायव्हर अर्धा आत गेला. बाकी लांबी ठणठणीत.
३. ही पट्टी भिंतीला कशाने लावलीय म्हणाल तर मधे मधे चार बोल्ट आणि बाकी सगळे खिळे. हो, खिळे.
४. पट्टीच्या वर पत्रा वगैरे काही नाही, भिंत आणि लाकूड यांच्यात नुसतं सिलिकॉन भरलेलं, ते पण सुटलंय.
५. खांब थेट काँक्रीटमध्ये पुरलेत. तिघांना काही नाही, एकाच्या बुडाशी टोक घुसतं. कठडा हलतो तो याच कोपऱ्यात.
६. एक स्क्रू काढायला गेलो, तुटला.

पाणी कुठून येतं ते कळत नाहीये, छपराची पन्हळ तर दुसऱ्या बाजूला आहे. वाळवी वाटत नाही, मातीच्या नळ्या कुठेच नाहीत.

तिसरा_मजला:
हे वाचून राहवलं नाही म्हणून लिहितेय. डेकचं दार आजच कुलूप लावून बंद करा. "दोन माणसं चालतील", "फक्त कपडे वाळत घालतो" असं काही नाही. 16 जून 2015 ला कॅलिफोर्नियात बर्कलीला पाचव्या मजल्यावरची लाकडी बाल्कनी वाढदिवसाच्या पार्टीत भिंतीपासून तुटून पडली, सहा तरुण मुलं गेली आणि सातजण जबर जखमी झाले. इमारत जुनीपुराणी नव्हती, दहा वर्षांच्या आतली होती. भिंतीतून बाहेर आलेल्या तुळया आत पाणी कोंडून कुजलेल्या, आणि वरून बघणाऱ्याला काही कळायची सोय नव्हती. त्यानंतर तिथे कायदे झाले, भाड्याच्या इमारतींना अशा बाल्कन्या दर सहा वर्षांनी आणि मालकी हक्काच्या सोसायट्यांना दर नऊ वर्षांनी तपासून घ्याव्या लागतात. तुमचं वर्णन आणि ते प्रकरण, मूळ तेच, आतल्या बाजूला साठलेलं पाणी. डेक पडतो तो बहुतेक वेळा भिंतीच्या जोडाशीच सुटून पडतो, मधून मोडून नाही. आणि खिळा ओढीला सरकून बाहेर येतो, बोल्ट येत नाही. तुमच्याकडे चारच बोल्ट आहेत आणि त्यातले किती त्या काळ्या चार फुटात येतात ते मोजा.

घाबरवायला लिहीत नाहीये. म्हणजे, थोडं घाबरवायलाच.

खारावारा:
मोजले. दोन. दार बंद केलंय, किल्ली बायकोकडे दिलीय.

पटाशी:
शाब्बास. आता एक प्रश्न. दाराच्या वर किंवा बाजूला एसी आहे का? त्याच्या पाण्याचा पाइप कुठे सुटतो?

खारावारा:
अरे देवा. काका, हॉलच्या एसीचा पाइप भिंतीतून बाहेर येऊन उंबऱ्याच्या बरोबर खाली संपतो. कायम थेंब थेंब. फळ्यांच्या फटीतून जात असल्याने कधी लक्षच गेलं नाही. आत्ता बादली लावून आलोय.

पटाशी:
वाटलंच मला. पाऊस वर्षातून काही महिने पडतो, एसी रोज चालतो आणि दमट हवेत दिवसाला कित्येक लिटर पाणी सोडतो. तुमच्या पट्टीला दहा वर्षं रोज अंघोळ. तो पाइप डेकच्या पुढे नेऊन खाली जमिनीपर्यंत सोडा, हे काम आजच करा.

आता दुरुस्ती. आख्खा डेक पाडायची गरज दिसत नाही, तीन फळ्यांवर भागणारही नाही. माझ्या मते असं:

आधी टेकू. भिंतीपासून दोन-तीन फुटांवर, सगळ्या तुळयांखालून एक आडवा जाड वासा आणि त्याला खालून उभे टेकू, प्रत्येक टेकूखाली रुंद फळी म्हणजे मातीत रुतणार नाही. डेकचं वजन पट्टीवरून पूर्ण उतरल्याशिवाय एकही बोल्ट सोडायचा नाही. हा भाग स्वतः करू नका, आणि जो सुतार टेकूबद्दल बोलतच नाही त्याला काम देऊ नका.

मग भिंतीवरची पट्टी. चार फूट कुजलीय म्हणून चार फुटांचा तुकडा जोडायचा मोह होईल. करू नका, पूर्ण नवी टाका, कारण खिळे तसेही सगळीकडेच आहेत. पट्टी काढल्यावर मागची भिंत बघा, ती लाकडी चौकटीची असेल तर तिथेही टोचा, कुजीने भिंतीत पाऊल टाकलं असेल तर आधी ते. नवी पट्टी लावताना अर्धा इंच जाडीचे बोल्ट, वर-खाली दोन ओळीत नागमोडी. किती अंतरावर ते तुळयांच्या लांबीवर ठरतं, ते तुमच्याकडच्या इंजिनिअरकडून काढून घ्या. काँक्रीटची भिंत असेल तर केमिकल अँकर, म्हणजे भोकात राळ भरून पक्का केलेला बोल्ट. आणि वर पत्रा! भिंतीच्या गिलाव्याच्या किंवा क्लॅडिंगच्या (भिंतीवर बाहेरून बसवलेल्या आवरणाच्या) मागून निघून पट्टीवरून पुढे वळून खाली उतरणारा. सिलिकॉन म्हणजे पत्रा नव्हे. सिलिकॉन दोन-चार वर्षांत एका बाजूने सुटतं आणि मग ते पाणी अडवत नाही, साठवतं.

तुळया. वरून इंचभर गेलेल्या दोन तुळया तशाच ठेवून शेजारी नवी जोडतात लोक. चालतं, पण दोन अटी आहेत. जुनीचा कुजका भाग, दिसतो त्याच्या पुढे निदान फूटभर, कापून टाकायचा. आणि नवी तुळई टेकणीपासून टेकणीपर्यंत पूर्ण लांबीची हवी, मधेच तीन फुटांची ठिगळं नकोत. तुमच्याकडे दोनच आहेत तर सरळ बदला, ठिगळाला मजुरी तेवढीच लागते. बदलल्यावर सगळ्या तुळयांच्या माथ्यावर ब्यूटाइल टेप (पाणी अडवणारी रबरासारखी चिकट फीत) चिकटवा, जुन्या तुळयांवर पण. फळी आणि तुळई यांच्यात अडकलेलं पाणीच वरून कुजवतं, म्हणून खालून चांगली आणि वरून भुसा असं दिसलं तुम्हाला.

खांब. काँक्रीटमध्ये पुरलेला खांब म्हणजे पेल्यात उभी ठेवलेली काडी. लाकूड आकसलं की भोवती फट पडते, त्यात पाणी उतरतं आणि बाहेर पडायला वाट नाही. जो गेलाय तो टेकू देऊन काढा, नवा पाया, त्यावर लोखंडी बूट असा की खांबाचं बूड काँक्रीटपासून इंचभर वर राहील. बाकीच्या तिघांभोवतीचं काँक्रीट बाहेरच्या बाजूला उताराचं करून घ्या आणि वर्षातून एकदा टोचत राहा.

लिंबूटिंबू:
एवढं करतायच तर वर प्लॅस्टिक-लाकडाच्या कॉम्पोझिट फळ्या टाका ना, कुजायचा प्रश्नच मिटला.

गंजका_खिळा:
फळ्यांचा मिटला, तुळयांचा नाही. खालचा सांगाडा लाकडीच राहतो आणि वर न कुजणाऱ्या फळ्या असल्या की लोक खाली बघायचं पूर्ण बंद करतात. शिवाय त्या लाकडापेक्षा जास्त लवतात म्हणून तुळया जवळ जवळ लागतात, साधारण 16 इंचावर, तिरक्या टाकल्या तर 12. खारावारा, तुमच्या तुळयांमधलं अंतर आधी मोजा मग ठरवा. उन्हात अनवाणी चालून पण बघा एकदा, मग मला सांगा.

लोखंडाचं राहिलंच. नवीन प्रक्रिया केलेल्या, म्हणजे कुजू नये म्हणून औषध मुरवलेल्या लाकडात बहुतेक तांब्याचे क्षार असतात, तांबं साध्या स्क्रूला खातं आणि ॲल्युमिनियमच्या पत्र्याला तर फार लवकर खातं, म्हणून पट्टीवरचा पत्रा ॲल्युमिनियमचा नको. पिवळसर चकचकीत मुलाम्याचे स्क्रू घरात वापरा, डेकला नाही. समुद्र एवढा जवळ असेल तर स्टेनलेस आणि त्यातही 316 ग्रेडचं. 304 ग्रेडला मीठ लागून तपकिरी डाग पडतात आणि खड्डे पडायला लागतात, 316 मध्ये दोन-तीन टक्के मॉलिब्डेनम असतं ते मिठाला तोंड देतं. आणि खिचडी करू नका, स्टेनलेसचा बोल्ट जस्ताच्या ब्रॅकेटमध्ये घातला की खाऱ्या ओलाव्यात ब्रॅकेटचं जस्त झिजून जातं. दोन्ही 316 किंवा दोन्ही जाड हॉट-डिप जस्ताचे (वितळलेल्या जस्तात बुडवून काढलेले). महाग पडतं, पण मी एकदा स्वस्तात केलंय, नाव बघा माझं.

तिसरा_मजला:
कापलेल्या टोकांचं कुणी बोललंच नाही! प्रक्रिया केलेल्या लाकडात औषध गाभ्यापर्यंत गेलेलं नसतं, सुतार करवत चालवतो तेव्हा आतलं कोरं लाकूड उघडं पडतं, आणि लाकूड पाणी पितं ते मुख्यतः टोकातूनच. प्रत्येक कापाला आणि प्रत्येक भोकाला कॉपर नॅफ्थेनेट हे कूज रोखणारं औषध ब्रशने लावून घ्या, दोन हात. सुतार "काही गरज नाही" म्हणेल. डबा स्वतः घेऊन उभे राहा. आणि साग आहे म्हणून निश्चिंत राहू नका, टिकतो तो गाभा, सालीकडचा फिकट पट्टा सागाचा असला तरी इतर लाकडासारखाच कुजतो. जुने तुकडे शेकोटीत घालू नका, हिरवट झाक असलेल्या जुन्या प्रक्रिया केलेल्या लाकडात आर्सेनिक असू शकतं.

खारावारा:
अपडेट. एसीखालची बादली सकाळपर्यंत निम्म्याच्या वर भरली होती, एका रात्रीत. बघून हसू की रडू कळेना. पाइप वळवलाय. इंजिनिअर येऊन गेले, त्यांनी पण पूर्ण पट्टी बदला हेच सांगितलं, बोल्टचं ड्रॉइंग देणार आहेत. पहिल्या सुताराला टेकूचं विचारलं तर म्हणाला "दोन पोरं हाताने धरतील". दुसरा शोधलाय. आता वॉर्निशचं सांगा, परत मारू का? आणि तुळयांमध्ये बुरशी शिल्लक राहिली असेल तर?

पटाशी:
दोन पोरं 😂

वॉर्निश नको. वर पापुद्रा धरणारं काहीही जमिनीवर नको, मग ते वॉर्निश असो की ऑइलपेंट. चालून, ऊन लागून त्याला केसाएवढी भेग पडते, पाणी आत जातं आणि बाहेर यायला मार्ग नाही. तुमच्या फळ्या वरून चकाकत होत्या आणि खालून ओला ब्रेड, त्यात वॉर्निशचाही हात आहे. आत मुरणारं डेक ऑइल लावा, फळी बसवायच्या आधी सहाही बाजूंनी, नंतर फक्त वरून, पाणी टाकल्यावर थेंब न बनता मुरायला लागलं की पुन्हा. जुन्या फळ्यांवरचं वॉर्निश 60-80 नंबरच्या कागदाने पूर्ण काढा, फार गुळगुळीत करू नका नाहीतर तेल आत जात नाही. जोरदार पाण्याच्या मशिनने धुऊ नका, धागे उचकटतात. शेवाळाला सोडियम परकार्बोनेटचं पाणी आणि मऊ ब्रश, स्क्रूच्या काळ्या डागांना ऑक्झॅलिक ॲसिड, हातमोजे घालून, नंतर भरपूर पाण्याने धुऊन.

बुरशी राहिली असेल तर ज्या तुळया शाबूत आहेत पण कुजक्या जागेच्या शेजारी आहेत त्यात भोक पाडून बोरेटच्या (बुरशी मारणाऱ्या क्षाराच्या) कांड्या ठोका आणि वर बूच मारा. गंमत अशी की त्या लाकूड ओलं झालं तरच विरघळतात, म्हणजे जिथे गरज तिथेच कामाला लागतात. पण उघड्यावर पाऊस धुऊन नेतो, तेव्हा आच्छादलेल्या जागीच. आणि हा वरचा उपचार आहे, पाणी बंद करण्याला पर्याय नाही.

फळ्यांत फट 4-5 मिलिमीटर ठेवा. नवी फळी ओली असेल तर चिकटवून बसवली तरी चालते, वाळल्यावर आपोआप फट पडते. फटीत पानं अडकली की काढत जा. कुंड्या असतील तर पाय लावून उचलून ठेवा.

खारावारा:
कुंड्या आहेत, अकरा. 🙈 शेवटचं विचारतो, सुतार म्हणतो फळीचा सालीकडचा भाग वर हवा, सासरे म्हणतात खाली हवा, दोघांचं कालपासून वाजलंय. नक्की काय?

पटाशी:
जो चांगला दिसतो तो वर. सासऱ्यांना सांगा त्यांचं बरोबर आहे, सुतारालाही तेच सांगा.